तुटत्या ताऱ्याचा माग

"तारा तुटला" असें आपण सहज बोलून जातों. आकाशांतील एक तारा खरोखरच कमी झाला असा कोणाचाहि समज नसतो. तरी शब्द मात्र पिढ्यान् पिढ्या तोच राहिला आहे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें आपल्या 'बृहत्संहिते'त उल्कांना एक स्वतंत्र अध्याय दिला आणि धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे त्यांचे पांच भेद सांगितले. स्वर्गांत पुण्याचें फळ भोगून झाल्यावर खालीं येणाऱ्यांचीं हीं रूपें होत, असें तो म्हणतो. कल्पना गंभीर आहे आणि वर्गीकरणहि बारकाईचें आहे. त्यांत उंचीचें माप मात्र नाहीं. तें माप माणसाला कसें सांपडलें आणि त्या मापाच्या मागोमाग आणखी काय काय हातीं आलें, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

ही हकीकत सांगण्याला एक खाजगी कारण आहे. मी शाळामास्तर होतों. एका हिवाळ्यांत कांहीं मुलांना आकाश दाखविण्यासाठीं आम्ही शाळेच्या मैदानांत सतरंज्या टाकून बसलों होतों. इतक्यांत डोक्यावरून एक लांब उल्का सरकन् गेली. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, ही किती उंचावरून गेली?" मीं सांगितलें, "शंभर किलोमीटर." तो लगेच म्हणाला, "पण ती तर एका क्षणांत विझली. मोजली कोणीं, आणि कशी?" मजजवळ उत्तर नव्हतें. "पुस्तकांत दिलें आहे," असें म्हणून मीं दुसऱ्या नक्षत्राकडे बोट केलें. मुलगा गप्प बसला. पण त्याचें समाधान झालें नव्हतें, हें अंधारांतहि मला कळलें. शिकविण्याच्या धंद्यांत अशीं कांहीं देणीं मागें राहतात. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हां या प्रश्नाचा माग काढावयास मी बसलों.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपांतील बहुतेक विद्वान् उल्कांना हवामानांतच जमा करीत. जमिनींतून निघालेल्या बाफा वर जाऊन पेटतात, ही ॲरिस्टॉटलची कल्पना दोन हजार वर्षें टिकून होती. हवामानशास्त्राला इंग्रजींत 'मीटिऑरॉलॉजी' म्हणतात, त्या नांवांत त्या जुन्या समजुतीची खूण अजून शिल्लक आहे. १७९४ सालीं जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नी यानें एक लहानसें पुस्तक छापून असें प्रतिपादन केलें कीं, आकाशांतून पडणारे लोखंडाचे व दगडाचे गोळे आणि अग्निगोल यांचें मूळ एकच असून तें पृथ्वीबाहेर, अंतराळांत आहे. आकाशांतून दगड पडतात ही गोष्टच ज्यांना खेडवळ भाकडकथा वाटे, त्यांनीं या पुस्तकाची थट्टा केली. वाद शब्दांनीं मिटण्यासारखा नव्हता. उल्का हवेंतील असेल तर ती ढगांच्या आसपास असली पाहिजे. बाहेरची असेल तर पुष्कळ उंच. म्हणजे प्रश्न मोजमापाचा होता.

तें मोजमाप करावयास पुढें आले ते गटिंगन विद्यापीठांतील दोन विद्यार्थी. एकाचें नांव बेन्झेनबर्ग, दुसऱ्याचें ब्रांडेस. दोघेहि १७७७ सालीं जन्मलेले, म्हणजे १७९८ सालीं अवघे एकवीस वर्षांचे. त्यांची युक्ति अगदीं साधी होती. आपण बोट डोळ्यांसमोर धरून आधीं एक डोळा मिटला आणि मग दुसरा, तर बोट मागील भिंतीवर सरकल्यासारखें दिसतें. बोट जवळ असेल तर फार सरकतें, लांब असेल तर थोडें. दोन डोळ्यांऐवजीं दोन माणसें घ्या, त्यांना कांहीं किलोमीटर दूर बसवा आणि भिंतीऐवजीं मागें तारे धरा. एकच उल्का दोघांना वेगवेगळ्या ताऱ्यांजवळून गेलेली दिसेल. ती किती सरकली हें कळलें कीं, उंची शाळेंतील त्रिकोणमितीनें निघते.

दोघे रात्रीं गांवाबाहेर जाऊन बसूं लागले. प्रारंभीं त्यांच्यामधलें अंतर थोडें होतें. उल्का फार उंच आहेत असें दिसून येतांच त्यांनीं तें वाढवून सुमारें पंधरा किलोमीटर केलें. तेवढ्या अंतरावरून नव्वद किलोमीटर उंचीची उल्का पाहिली, तर ती साडेनऊ अंशांच्या सुमारास सरकलेली दिसते. हात लांब करून मूठ धरली तर आकाशाचा जेवढा भाग झांकला जातो, जवळजवळ तेवढेंच हें अंतर. हत्यारें म्हणाल तर घड्याळ, ताऱ्यांचा नकाशा, मिणमिणता दिवा आणि थंडींत जागत बसण्याची तयारी, एवढींच. १७९८ च्या त्या शरद ऋतूंत दोघांनीं मिळून ४०२ उल्का टिपल्या. वह्या एकत्र करून पाहिल्यावर त्यांतील फक्त २२ उल्का दोघांनाहि दिसल्याचें ठरलें. शेंकडों नोंदींमागें बावीस! परंतु या बाविसांनींच निकाल लावला. डोळ्यांनीं घेतलेल्या नोंदींत चुका पुष्कळ होत्या आणि वेगवेगळ्या उल्कांच्या उंचींत फरकहि मोठा पडला. तरी सरासरी नव्वद किलोमीटरच्या आसपास आली. शिवाय वेग सेकंदाला कित्येक किलोमीटर निघाला. ढग दहा-पंधरा किलोमीटरच्या वर क्वचितच जातात. जमिनींतील बाफेला असा वेग कोण देणार? क्लाड्नीच्या बाजूला प्रथमच आंकडे येऊन उभे राहिले.

माझ्या विद्यार्थ्याच्या 'कोणीं मोजली' या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. त्याच्याहून थोड्याच मोठ्या वयाच्या दोन मुलांनीं मोजली.

यापुढील पायरी म्हणजे या उल्का येतात कोठून, हें ठरविणें. १८३३ सालच्या नोव्हेंबरांत, बारा आणि तेरा तारखांच्या मधल्या रात्रीं, अमेरिकेच्या पूर्व भागांत उल्कांचा असा वर्षाव झाला कीं, पुष्कळांना जगाचा अंत आला असें वाटलें. येल येथील प्राध्यापक ऑल्मस्टेड यांनीं लोकांकडून आलेल्या हकीकती जुळवून दाखविलें कीं, सर्व रेघा सिंह राशींतील एकाच ठिकाणाहून फांकत होत्या. रेल्वेचे समांतर रूळ दूरवर एका बिंदूंत मिळाल्यासारखे दिसतात, त्यांतलाच हा प्रकार. उल्का समांतर येत होत्या, म्हणजे एखाद्या प्रवाहानें येत होत्या. १८६४ सालीं ह्यूबर्ट न्यूटन यांनीं जुन्या बखरींतून या वर्षावाच्या नोंदी शोधून सुमारें तेहतीस वर्षांची पाळी काढली आणि १८६६ मध्यें वर्षाव पुन्हा होईल असें भाकीत केलें. तें खरें ठरलें. त्याच सुमारास इटलींतील स्कियापारेल्ली यांनीं ऑगस्टांतील ययाति-उल्कांची वाट १८६२ च्या धूमकेतूच्या वाटेशीं जुळते असें दाखविलें. धूमकेतु आपल्या मार्गावर जी धूळ सांडत जातो, तिच्यांतून पृथ्वी गेली म्हणजे उल्का दिसतात.

पुढील पाळी १८९९ ची. लोकांनीं मोठ्या उत्सुकतेनें रात्र जागून काढली, आणि फारसें कांहीं दिसलें नाहीं! गुरु आणि शनि यांच्या ओढीनें प्रवाहाची वाट थोडी सरकली होती. कांहीं गणित्यांनीं तशी शंका आधीं बोलून दाखविली होती. पण ती थोड्यांच्या कानीं गेली, आणि शास्त्राची लोकांत हानि झाली.

आतां ही रेघ उमटते कशी तें पाहूं. आपल्याला दिसणारी साधारण उल्का म्हणजे वाळूच्या किंवा रव्याच्या कणाएवढी धूळ असते. ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानें वातावरणांत शिरते. साठ किलोमीटर वेगानें येणाऱ्या कणाच्या अंगीं, तितक्याच वजनाच्या सुरुंगाच्या दारूंत असते तिच्यापेक्षां शेंकडों पटींनीं अधिक शक्ति असते. शंभर किलोमीटर उंचीवर हवा जमिनीजवळच्या हवेच्या वीस लाखांव्या हिश्श्याइतकी विरळ आहे. मी मुलांना सांगत असें कीं, काडेपेटीच्या काडीप्रमाणें उल्का घासून पेटते. ही उपमा बरोबर नव्हती. तेथें हवेचे रेणू एकेकटे येऊन कणावर आदळतात आणि त्या माऱ्यानें कणाचा पृष्ठभाग तापून त्याची वाफ होते. ही वाफ हवेच्या रेणूंवर आपटते, तेव्हां कांहीं अणु प्रकाश देतात, तर कांहींचे इलेक्ट्रॉन सुटून वेगळे होतात. प्रकाश क्षणांत मावळतो. मागें राहते ती दहा-पंधरा किलोमीटर किंवा अधिक लांबीची, आरंभीं अगदीं अरुंद अशी सुट्या इलेक्ट्रॉनांची एक अदृश्य रेघ.

या रेघेनें शास्त्रज्ञांना प्रथम हवेची बातमी दिली. १९२३ च्या सुमारास इंग्लंडांत लिंडेमन व डॉब्सन यांनीं उल्का कोठें दिसूं लागतात व कोठें विझतात याचा हिशेब मांडला. त्या काळीं असें मानीत कीं, बारा-पंधरा किलोमीटरच्या वर हवा सारखीच थंड, शून्याखालीं पन्नास अंशांच्या घरांत असावी. तसें असतें तर ऐंशी-शंभर किलोमीटरवर एवढी हवा उरलीच नसती कीं जिच्यांत उल्का विझाव्यात. तेव्हां मध्यें कोठें तरी एक ऊबदार थर असला पाहिजे, आणि ती ऊब ओझोन वायु सूर्याचे अतिनील किरण शोषतो त्यामुळें येत असली पाहिजे, असें अनुमान त्यांनीं केलें. त्यांचे सर्व आंकडे टिकले नाहींत. पण असा थर आहे हें पुढें रॉकेटांनीं दाखविलें. डॉब्सन यांनीं तेथून पुढें ओझोन मोजण्याचें उपकरण तयार केलें, आणि त्याच घराण्यांतील उपकरणांनीं १९८५ सालीं अंटार्क्टिकावरील ओझोनची खिंडार जगाच्या नजरेस आणली. एका रव्याच्या कणाचा माग काढतां काढतां माणूस कोठवर गेला पहा.

याच सुमारास बिनतारी विद्या पुढें येत होती. उंच हवेंतील विद्युन्मय थरांवरून रेडिओच्या लाटा परततात, हें १९२४-२५ मध्यें ॲपल्टन यांनीं प्रयोगानें सिद्ध केलें. उल्कांचा या लाटांवर परिणाम होत असावा, अशी सूचना जपानांतील नागाओका यांनीं १९२९ मध्यें केली. अमेरिकेंत स्केलेट यांनीं १९३१-३२ च्या सिंह-उल्कांच्या वेळीं त्याचा पुरावा जमविला. आणि रेडिओच्या श्रोत्यांना विशेष वाटावी अशी गोष्ट तर आपल्याच देशांतील आहे. ऑल इंडिया रेडिओमधील चमनलाल आणि वेंकटरमण यांना दिल्लींत जवळच्या लघुलहरी केंद्राची वाहक लहरी ऐकतांना मधून मधून बारीक शिटी ऐकूं येई. ती उंच सुरांत सुरू होऊन झपाट्यानें खालीं उतरत नाहींशी होई. ही शिटी उल्केची आहे, हें त्यांनीं १९४१ सालीं प्रसिद्ध केलें. धांवत्या उल्केवरून परतलेली लाट आणि केंद्राकडून सरळ आलेली लाट यांच्या कंपनसंख्येंत थोडा फरक पडतो, आणि तो फरकच कानाला सूर म्हणून ऐकूं येतो. आगगाडी पुढून निघून जातांना तिच्या शिटीचा सूर उतरतो, तसाच हा प्रकार.

नंतर युद्धानें या विद्येला अनपेक्षित हात दिला. १९४४ च्या सप्टेंबरांत लंडनवर जर्मनांचीं व्ही-टू रॉकेटें पडूं लागलीं. त्यांची आगाऊ वर्दी मिळावी म्हणून लष्करी रडार-यंत्रें आकाशाकडे वळविण्यांत आलीं. तीं यंत्रें वर्दी देत. पण पुष्कळदां रॉकेट येतच नसे! शंभर किलोमीटरच्या सुमारास उंचीवरून क्षणिक प्रतिध्वनि येत आणि विझत. हल्ले थांबले तरी ते येतच राहिले. लष्करी संशोधन-विभागांतील हे आणि त्यांचे सहकारी स्ट्यूअर्ट यांनीं दाखवून दिलें कीं, हे प्रतिध्वनि उल्कांच्या रेघांचे होते.

बर्नार्ड लव्हेल हे मँचेस्टर विद्यापीठांतील तरुण शास्त्रज्ञ. त्यांना विश्वकिरणांचा शोध घ्यावयाचा होता. रडारला मिळणारे ते क्षणिक प्रतिध्वनि विश्वकिरणांच्या वर्षावाचे असतील, अशी त्यांची आशा. त्यांनीं हे यांजकडून लष्करी रडार मागून आणलें. परंतु मँचेस्टर शहरांतील ट्रामगाड्यांच्या विजेनें कामांत व्यत्यय येऊं लागला. तेव्हां डिसेंबर १९४५ मध्यें विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र-विभागाच्या जॉड्रेल बँक येथील मोकळ्या जागेंत त्यांनीं यंत्र नेलें. प्रतिध्वनि मिळाले, पण ते विश्वकिरणांचे नव्हते. लव्हेल यांना उल्कांचें ज्ञान जवळजवळ नव्हतें. तें त्यांना दिलें प्रेंटिस या गृहस्थांनीं. हे पेशानें वकील, आणि हौशी निरीक्षक म्हणून वर्षानुवर्षें रात्रीं जागून उल्का मोजणारे. ते मोकळ्यावर आरामखुर्चींत पडून उल्का दिसली कीं हांक देत, आणि आंत रडारच्या पडद्यावर त्याच क्षणीं खूण उमटते कीं नाहीं हें इतर मंडळी पाहत.

परीक्षेची रात्र आली ती ९ ते १० ऑक्टोबर १९४६ ची. जियाकोबिनी-झिन्नर धूमकेतु पृथ्वीच्या वाटेवरून जेथून गेला, तेथून पृथ्वी पंधरा दिवसांनीं जाणार होती. आकाशांत पौर्णिमेचा चंद्र होता. आपल्याकडे कोजागिरी जी, तीच ही पौर्णिमा. चांदण्यांत बारीक उल्का डोळ्यांना दिसणें कठीण. रडारला चांदण्याची अडचण नव्हती. मध्यरात्रीपर्यंत तुरळक खुणा येत होत्या. मग त्या वाढूं लागल्या, आणि पहांटे चारच्या थोडें आधीं त्यांची संख्या तासाला हजाराच्या घरांत पोंचली. त्या ऐन भरांत लव्हेल यांनीं एक धाडस केलें. उल्का ज्या बिंदूंतून फांकत होत्या, त्याच बिंदूकडे त्यांनीं रडारचें तोंड वळविलें. उल्का समोरून येत असतांना प्रतिध्वनि बहुतेक बंद पडले! तोंड पुन्हा आडवें करतांच ते परत आले.

याचा अर्थ असा. कोळ्याच्या जाळ्याचा तंतु उन्हांत एका विशिष्ट कोनांतूनच चमकतो, एरवीं दिसत नाहीं. उल्केची रेघहि रेडिओच्या लाटांना तशीच आहे: लाट तिच्यावर काटकोनांत आली तरच परतते. हें एकदां कळल्यावर रडारवरून उल्कांच्या प्रवाहाची दिशा काढतां येऊं लागली, आणि तीहि दिवसा. १९४७ च्या उन्हाळ्यांत भर सूर्यप्रकाशांत पडणारे उल्कांचे मोठे प्रवाह सांपडले. माणसानें पूर्वीं ते कधींहि पाहिले नव्हते, आणि पाहणें शक्यहि नव्हतें. उंचीचें मापहि आतां सोपें झालें: शंभर किलोमीटरवरचा प्रतिध्वनि सेकंदाच्या पंधराशेव्या भागांत परत येतो, आणि यंत्र तेवढा काळ बिनचूक मोजतें.

राहिला एक मोठा वाद. सूर्याच्या कुटुंबांतील वस्तु पृथ्वीच्या कक्षेजवळ सेकंदाला ४२ किलोमीटरहून अधिक वेगानें जाऊं शकत नाहीं. त्याहून वेग अधिक असेल तर ती दुसऱ्या ताऱ्यांकडून आलेली असली पाहिजे. एस्टोनियाचे ज्योतिषी एपिक यांनीं डोळ्यांनीं घेतलेल्या निरीक्षणांवरून असें मत दिलें होतें कीं, पुष्कळ उल्का अशा परक्या आहेत. रेघ जसजशी लांबत जाते तसतसा प्रतिध्वनि लाटेसारखा कमीजास्त होतो. त्या चढउतारावरून वेग काढण्याची रीत १९४८ मध्यें जॉड्रेल बँक येथें बसली. पुढील तीन वर्षें मोजमाप चाललें. परक्या उल्कांचा मोठा भरणा मुळींच आढळला नाहीं. आपल्या आकाशांत तुटणारे जवळजवळ सारे तारे आपल्याच सूर्याच्या अंगणांतील धूळ आहेत. परकी पाहुणी म्हणून जिची वाट पाहिली, ती घरचीच निघाली.

उदबत्तीच्या धुराची सरळ रेघ जशी हळूहळू फुगत जाऊन विरते, तशी ही रेघहि विरते. लहान उल्केचा प्रतिध्वनि सेकंदाच्या थोड्याशा भागांतच संपतो; मोठीचा कांहीं सेकंद, क्वचित् मिनिटेंहि टिकतो. तेवढ्या वेळांत तेथील वारा रेघेला वाहून नेतो. त्यावरून, जेथें विमान पोंचत नाहीं आणि उपग्रह टिकत नाहीं अशा ऐंशी ते शंभर किलोमीटरच्या पट्ट्यांतील वारे मोजतां येऊं लागले. केरळांत थुंबा येथें २००४ सालीं असें उल्का-रडार बसविण्यांत आलें. १९५० च्या दशकांत कॅनडांत या क्षणिक रेघांवरून संदेश पाठविण्याचे प्रयोग झाले; १९७० च्या दशकांत अमेरिकेच्या पश्चिम भागांतील डोंगरांवरील बर्फाची मापें अशाच रेघांच्या आधारें खालीं कळविण्याची व्यवस्था झाली. जॉड्रेल बँकेच्या त्या मोकळ्या जागेंत १९५७ सालीं ७६ मीटर व्यासाची रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. ती आज लव्हेल यांच्या नांवानें ओळखली जाते.

माझा तो विद्यार्थी आज कोठें आहे मला ठाऊक नाहीं. त्याला मीं 'पुस्तकांत आहे' असें सांगितलें, तें खोटें नव्हतें. पण पुस्तकांत तें कोणीं आणि किती रात्री जागून घातलें, हें सांगावयाचें राहून गेलें. ज्यांच्या घरीं अशीं विचारणारीं मुलें असतील त्यांना एक सुचवितों. दरवर्षीं १३-१४ डिसेंबरच्या रात्रीं मिथुन राशींतून उल्कांचा चांगला वर्षाव होतो. पुणें शहर आणि सिंहगड यांमधील सरळ अंतर सुमारें वीस किलोमीटर, म्हणजे गटिंगनच्या विद्यार्थ्यांच्या अंतराहून थोडें अधिकच आहे. अशा अंतरावर दोन घरांनीं बसावें, शक्य तों दिव्यांपासून दूर. घड्याळें जुळवून घ्यावींत आणि प्रत्येक उल्का कोणत्या ताऱ्यांजवळून गेली तें नकाशावर रेखावें. सकाळीं दोन्ही वह्या शेजारीं ठेवून पाहाव्या. पुष्कळ नोंदी वायां जातील. बेन्झेनबर्ग आणि ब्रांडेस यांच्याहि गेल्या होत्या. एक जरी जुळली, तरी मुलाला उंची स्वतः काढतां येईल, आणि मग 'कोणीं मोजली' असें त्याला कोणीं विचारलें तर तो 'मीं' असें उत्तर देईल.